इथे समुद्र नाही

मला फक्त एक पाटी लावायची होती. दोन फूट रुंद, दीड फूट उंच, पांढऱ्यावर काळी अक्षरं: "हे खाजगी घर आहे. आत येऊ नये." आजूबाजूला लोक डोंगर पोखरतात, ओढे बुजवतात, रस्त्याच्या मधोमध मांडव घालतात आणि कुणालाही विचारत नाहीत. मी माझ्या वडिलांच्या घराच्या फाटकावर सात शब्द लिहायला निघाले, तर मला अडवायला अख्खी वाडी उभी राहिली.

घर कोडोलीच्या पुढे एका वाडीत आहे. वाडीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की रविवारी गाड्या येतात. ज्या मालिकेमुळे त्या येतात तिचंही नाव सांगत नाही. तिची जाहिरात आमच्या जिवावर पुरेशी झाली आहे. आबा गेले आणि तीन महिन्यांच्या आत माझ्या धाकट्या भावाने, धैर्यशीलने, घर शूटिंगला दिलं. "रिकामं घर वाळवी खाती, ताई," हे त्याचं म्हणणं. वाळवी परवडली असती. वाळवी निदान फोटो काढत नाही.

आमच्या ओसरीवर बसलं की समोर जोतिबाचा डोंगर दिसतो आणि त्याच्या उजव्या हाताला पन्हाळ्याची लांब कड. हे दृश्य इतकी वर्षं फुकट होतं, तेव्हा ते बघायला कुणी आलं नाही. मग मालिकेवाल्यांनी ते कोकण म्हणून दाखवलं. पन्हाळा तालुक्यात बसून कोकण कशाला, असं मी त्यांच्या दिग्दर्शकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, प्रेक्षकांना कोकण आवडतं." त्यांनी अंगणासमोरच्या विजेच्या खांबाला झावळ्या बांधून त्याचा माड केला. शेवग्याच्या झाडाला प्लॅस्टिकचे नारळ लटकवले. उसाच्या फडापलीकडे संगणकावर समुद्र भरला. लाटांचा आवाज नंतर घातला. शूटिंग चालू असताना तिथे शेजारच्या म्हशी ओरडत होत्या.

त्यानंतर लोक यायला लागले. इचलकरंजीहून आले, सांगलीहून आले आणि एकदा तर थेट रत्नागिरीहून आले. म्हणजे ज्यांच्या दारात समुद्र आहे ते कोकण बघायला घाट चढून कोडोलीला आले. फाटक उघडून सरळ ओसरीवर यायचं, नायिका ज्या पायरीवर बसून रडते त्या पायरीवर बसून रडल्यासारखं करायचं, नवऱ्याने फोटो काढायचा आणि मग मला विचारायचं, "समुद्र कुठल्या बाजूला, हो?" एका गृहस्थाने पोरांना डुंबवायला ट्रॅक्टरची ट्यूब आणली होती, हवा भरून.

मी नोकरीसाठी कोल्हापुरात राहते. शनिवार-रविवारी, शूटिंगला सुट्टी असते तेव्हा, वाडीला जाते. आबांचं वर्षश्राद्ध जवळ येत होतं. आबा त्याच ओसरीवर गेले, सकाळी पेपर वाचताना. मला त्यांचं वर्षश्राद्ध तिथेच, घरच्या माणसांत, शांतपणे करायचं होतं. त्या एका दिवशी ओसरीवर अनोळखी पाय नकोत, एवढीच माझी अपेक्षा होती. म्हणून पाटी.

पाट्या रंगवणारा अल्ताफ उचगावचा. फ्लेक्स आल्यापासून त्याचं काम कमी झालं आहे आणि मतं वाढली आहेत. माझा मजकूर वाचून त्याने कुंचला खाली ठेवला.

"ताई, असं लिवू नका. 'आत येऊ नये' वाचलं की मानूस आत येतंयच. का येऊ नये, ते बघायला."

"मग काय लिहू?"

"कुत्र्यापासून सावध."

"आमच्याकडे कुत्रं नाही."

"समुद्र तरी कुठं हाय? तरी लोकं येत्यात की."

मला आणखी राग आला. पाटी मी माझ्याच शब्दांत करून घेतली. धैर्यशील म्हणाला, निदान 'कृपया' तरी घाल. मी म्हटलं, मी कृपा मागत नाही, हद्द सांगते आहे. तो म्हणाला, पुस्तकं वाचून तुझी भाषा लई कडक झाली. या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक पुरतं वाचलं आहे आणि ते मोटारसायकलबरोबर आलं होतं.

शेजारच्या शालूबाईंनी आमच्या फाटकासमोर चहा-भज्यांची टपरी टाकली होती. त्या पाटी बघायला हातातल्या झाऱ्यासकट आल्या.

"संयू, एकदम बंद कशाला करतीस? वेळ लिव की. सकाळी नऊ ते सांजचं पाच. मधी तुला झोपायला दोन तास."

"शालूकाकी, हे घर आहे. दवाखाना नाही."

"म्हणून तर सांगतो. दवाखान्याला कोण हौसंनं येतंय?"

पाटी लागली आणि सरपंचांचं बोलावणं आलं. सरपंच राजवर्धन हा धैर्यशीलचा वर्गमित्र. लहानपणी तो आमच्या अंगणात गोट्या खेळायचा आणि हरला की रडायचा. आता तो पांढरे कपडे घालतो आणि मला मॅडम म्हणतो.

"मॅडम, अडचण अशी हाय, आपण हे ठिकाण पर्यटनस्थळ म्हणून वर प्रस्ताव पाठवलाय."

"कुठलं ठिकाण?"

"तुमचं घर."

"मला न विचारता?"

"सरप्राइज हुतं. आता पाहणीला सायेब येनार. त्यांनी 'आत येऊ नये' वाचलं तर शेरा काय मारायचा त्या मानसानं?"

"हे घर आहे, असा मारावा."

"घराला निधी नसतोय, मॅडम."

प्रस्तावात काय लिहिलं आहे ते मी विचारलं. निसर्गरम्य परिसर. ऐतिहासिक वास्तू. मी म्हटलं, हे घर आबांनी पाटबंधारे खात्यात नोकरीला लागल्यावर बांधलं, मी त्या घरापेक्षा थोडीशीच लहान आहे. ते ऐतिहासिक कसं? राजवर्धन म्हणाला, "आबा जुनं मानूस हुते की." पुढे 'जलपर्यटनास वाव' असंही होतं. मी म्हटलं, कुठलं जल? तो म्हणाला, "शेततळं हाय न्हवं?"

पाटी काढायला मी नकार दिला. ती काढायची गरजही पडली नाही. पुढच्या रविवारी पाटीपुढे रांग लागली होती. मालिकेतली सासू धाकट्या सुनेला घराबाहेर काढते. ही पाटी सासूनेच लावली आहे, असा सगळ्यांचा समज झाला होता. बायका पाटीला टेकून, पदर तोंडाला लावून उभ्या राहत होत्या. एकीने मला बाजूला सरकायला सांगितलं, कारण मी फोटोत येत होते. माझ्या फाटकात. माझ्या पाटीशेजारी.

मी पुन्हा अल्ताफकडे गेले. या वेळी ठरवलं, भांडायचं नाही, हुकूम सोडायचा नाही, नुसती माहिती द्यायची. मजकूर: "इथे समुद्र नाही." यावर कोण काय वाद घालणार? अल्ताफनेही घातला नाही. पण आठवड्याने पाटी हातात आली तेव्हा तिच्यावर निळ्या लाटा होत्या आणि कोपऱ्यात शिडाची होडी.

"हे काय?"

"नुसती अक्षरं भकास वाटत हुती, ताई. डिझाइनचं काय लावलं न्हाई तुमाला."

समुद्र नाही हे सांगणाऱ्या पाटीवर समुद्र काढायला जी बुद्धी लागते ती एका माणसाची नसते, पिढ्यान्‌पिढ्यांची असते. मी पाटी लावली. कुणीतरी तिचा फोटो काढला, मागे व्हायोलिनचं संगीत घातलं आणि मोबाइलवर सोडून दिला. लाखो लोकांनी तो बघितला. मग मोडलेल्या प्रेमाचे तरुण यायला लागले. ते शांत असायचे, हे खरं. पाटीसमोर मोटारसायकल लावून डोंगराकडे बघत बसायचे. शालूबाई त्यांना चहात साखर जास्त घालायच्या. मी आयुष्यभर वाचत आले, चार ओळी लिहून छापायला द्याव्यात असं धाडस कधी केलं नाही. माझं पहिलंच लेखन लाखोंपर्यंत पोचलं आणि त्याचा साधा अर्थ एकालाही कळला नाही. मोठ्या लेखकांचं असंच होतं म्हणतात. पण मोठ्या लेखकांना स्वतःच्या अंगणातले भज्यांचे कागद उचलावे लागत नसावेत.

इथवर सगळं चीड येण्यासारखं होतं, पण सोसण्यासारखंही होतं. मग मालिकेत तात्यासाहेब वारले.

तात्यासाहेब म्हणजे मालिकेतल्या घरातले वडील. ते आमच्या ओसरीवर, आबा बसायचे त्याच बाकावर गेले. आबांना जायला कपातला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. तात्यासाहेबांना पाच भाग लागले, रविवारचा लांबलचक भाग धरून. विजा चमकल्या, देवघरातली समई विझली, तिन्ही सुनांच्या तोंडावर कॅमेरा तीन-तीनदा गेला. आणि त्या आठवड्यापासून आमच्याकडे लोक भेटायला यायला लागले.

फिरायला नव्हे. भेटायला. ज्याला मयताच्या घरी भेटायला जाणं म्हणतात, ते. पुरुष माणसं टोप्या काढून ओसरीवर ओळीने बसायची, जमिनीकडे बघत काही वेळ गप्प राहायची, मग एक जण म्हणायचा, "चांगलं मानूस हुतं," आणि सगळे उठायचे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायका फडक्यात बांधून पिठलं-भाकरी आणायच्या. समोर टपरीवर शालूबाईंची कढई उकळत असायची आणि मी हातात परक्यांच्या भाकरी घेऊन उभी असायचे. त्यातल्या एका काकांना मी स्पष्ट सांगितलं, ते नट आहेत, ठणठणीत आहेत, मुंबईत दुसऱ्या मालिकेत पोलीस आयुक्त झाले आहेत. काकांनी मान हलवली.

"ते हाय की. बघतोय आमी. पण गेलं ते गेलंच."

माझ्या रागाचं नेमकं ठिकाण इथे आहे, म्हणून सांगते. आबा गेले तेव्हाही लोक आले होते. येऊन म्हणाले, वय झालं होतं. म्हणाले, हाल न होता सुटले, नशीबवान. म्हणाले, जेवणाचं काय केलंय? आबांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाडीच्या तोंडाशी लागला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा चढला. तात्यासाहेब आबांच्याच वयाचे होते. त्यांना कुणी सुटले म्हटलं नाही.

तिथी रविवारी आली. मी राजवर्धनकडे जाऊन सांगितलं, त्या दिवशी आबांचं श्राद्ध आहे, एका सकाळपुरता रस्ता बंद ठेव. तो म्हणाला, "मॅडम, आबांसाठी कायबी." आणि खरंच त्याने काहीही केलं. श्राद्धाच्या सकाळी आम्ही वाडीत शिरलो तर तोंडाशीच नवा फ्लेक्स होता. वर तात्यासाहेबांचा हसरा फोटो, "वर्षश्राद्धानिमित्त भावपूर्ण श्रद्धांजली", खाली हात जोडलेला राजवर्धन आणि सगळे सदस्य. त्या माणसाला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. शिवाय तो जिवंत होता. आमच्या फाटकासमोर मांडव होता आणि मांडवात एक मिनीबस भरून माणसं.

"हे काय आहे, राजवर्धन?"

"दोन्ही एकदम उरकतील, मॅडम. मांडव एकच लागतोय."

 रागाचीही एक पातळी असते, तिच्यावर गेलं की माणूस भाजी चिरायला बसतो. मी आणि धैर्यशीलची बायको आत स्वयंपाकाला लागलो. आबांच्या आवडीचं सगळं झालं, नैवेद्य झाला. घास कावळ्याला ठेवायचा म्हणून धैर्यशीलने पान नेऊन कुंपणाच्या भिंतीवर मांडलं, पाणी फिरवलं आणि मागे झाला. कावळे होते. विजेच्या खांबाच्या माडावर चार-पाच तरी बसले होते. पण भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मिनीबसची माणसं, आणि त्यांचे सगळे मोबाइल पानाकडे रोखलेले. एकही कावळा खाली उतरेना.

आता आमच्याकडची रीत अशी की कावळा शिवत नसेल तर गेलेल्याच्या जिवात काहीतरी अडकलंय. मग जवळच्या माणसाने हात जोडून शब्द द्यायचा: आईला सांभाळू, कर्ज फेडू, पोरीचं लग्न करू. शब्द पटला की कावळा येतो. धैर्यशीलने हात जोडले. "आबा, ताईशी भांडणार न्हाई मी," तो म्हणाला. कावळ्यांना ते खोटं वाटलं असावं. मलाही वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून एक माणूस पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "तात्यासाहेब, थोरल्या सुनंच्या नावावर घर हुत न्हाई. निवांत ऱ्हावा."

कावळा हलला नाही.

"असं कसं?" मागून एक बाई म्हणाली. "थोरलीनंच तर केलं त्यांचं. धाकटी माहेरी जाऊन बसलीया. तात्यासाहेब, थोरलीलाच मिळनार, या."

"धाकटीला काढली कुणी पर, सासूनंच न्हवं? ती पाटी कुणी लावलीया?"

"तात्यासाहेब, धाकट्या लेकीचं लगीन आमी लावून देतो. पोरगा बघितलाय."

"तो नगं, तो पितोय. परवाच्या भागात बघितलं न्हाई व्हय?"

माझ्या वडिलांच्या घासावर उभं राहून वीस माणसं एका खोट्या घराच्या वाटण्या करत होती. मी हातातली पळी घेऊन फाटकाबाहेर गेले.

"खाली बसा," मी म्हणाले.

बसा का म्हणाले, मला माहीत नाही. पण सगळे बसले. शालूबाईसुद्धा टपरीत स्टुलावर बसल्या.

"इथे तात्यासाहेब नावाचं कुणी नव्हतं," मी म्हणाले. "इथे माझे वडील राहत होते. त्या बाकावर ते गेले. खरे गेले. त्यांच्या मागे संगीत वाजलं नाही. तुम्ही इतके महिने माझ्या घरात फिरताय, माझ्या पायरीवर रडताय, मला बाजूला व्हा म्हणताय, आणि इथे कोण गेलं हे तुमच्यातल्या एकाने, एकानेसुद्धा, मला विचारलेलं नाही."

 एकाने मोबाइल हळूच खिशात घातला. राजवर्धन आपल्या चपलांकडे बघत होता. मग शालूबाईंची एक तांबडी कोंबडी भिंतीवर चढली, पानाजवळ गेली आणि आबांच्या आवडीची वांग्याची भाजी खायला लागली. तिला हाकलायचं धाडस कुणालाच झालं नाही. सगळे मिळून आम्ही ते बघत राहिलो.

"चालतंय, ताई," शेवटी धैर्यशील हळूच म्हणाला. "पाखरूच हाय की."

मी आत जायला वळले. तेवढ्यात मिनीबसमधल्या माणसांतून एक म्हातारी उठली. हिरवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. तिने नाव सांगितलं चिमणाबाई, गाव कुरुंदवाड. ती माझ्याजवळ आली आणि माझ्यावरच चिडली.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय? दोन घंटं झालं आमी भलत्याच मानसासाठी रडायलोय."

"तुम्ही विचारलं का?"

"न्हाई इचारलं. आता इचारतो. नाव काय त्यांचं?"

"गणपतराव."

तिने फाटकातून आत येऊन भाकरी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली, पायरीवर बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. रडायची तयारी केल्यासारखी. मग थांबली.

"मानूस कसा हुता?"

"साधे होते. शिस्तीचे. मनाने चांगले."

"ते सगळेच असत्यात," चिमणाबाई म्हणाली. "तात्यासाहेबाचं समदं म्हाईत हुतं, म्हणून रडू आलं. नुसत्या नावानं कसं रडू? काय खायचे, कसं बोलायचे, सांगा की."

 मी इतके महिने लोकांना आबांच्या जागेवरून हाकललं होतं. आबांबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. ती वाट बघत होती. बाकीचेही बघत होते. मग तिने आपल्या मनाने सुरुवात केली, हेल काढून, डोलत:

"अवो माझ्या गनपतराव बाबा, डोळ्याला चष्मा लावून पेपर कोन वाचंल वो आता..."

"चष्मा नव्हता त्यांना," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नव्हता. कानाला यंत्र होतं."

"अवो कानाला यंत्र लावून समद्यांचं ऐकून घेनाऱ्या माझ्या बाबा..."

"ऐकून घ्यायचे नाहीत. नको ते बोलणं सुरू झालं की यंत्र काढून खिशात टाकायचे."

"अवो खिशात यंत्र अन् तोंडात पान..."

"पान नाही. शेंगदाणे. भाजलेले. यंत्र त्याच खिशात. एकदा शेंगदाणा म्हणून यंत्रच तोंडात टाकलं होतं त्यांनी."

मिनीबसमधली माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. धैर्यशील हसला नाही. तो बाकाच्या कडेला बसून होता, तोंड दुसरीकडे करून. चिमणाबाईने हेल मोडू दिला नाही. तिच्यामागे आणखी दोघी तो धरायला लागल्या. शालूबाईंनी टपरीतून माझं नाव पुरवलं: संयू.

"अवो, संयू म्हणून लेकीला हाक कोन मारंल वो..."

"संयू सगळे म्हणतात. तेच म्हणायचे नाहीत. ते पूर्ण नाव घ्यायचे. संयोगिता. लांबून, फाटकातून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. मी ठेवलेलं नाव मी अर्धं का घेऊ, म्हणायचे." मी अजून रागातच बोलत होते, पळी अजून हातात होती. "तुम्हाला काही माहीत नसताना बोलू नका."

चिमणाबाई मग चुकायची थांबली. नुसती मान हलवत, डोळे मिटून, मी म्हणेन तेच शब्द माझ्यामागून लावत राहिली. दुरुस्त करण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. मी मात्र बोलतच राहिले.